डावखुरी स्लॅपर बॅटिंगला आली की फिल्डिंग कशी लावायची

एका शालेय सॉफ्टबॉल स्पर्धेत आम्ही एकही दमदार हिट न खाता सामना हरलो. समोरची डावखुरी पोरगी तीनदा बॅटिंगला आली, तीनदा तिने चेंडू शॉर्टस्टॉपकडे (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधली फिल्डर) नुसता ढकलला आणि तिन्ही वेळा ती फर्स्ट बेसवर सेफ. तिसऱ्यांदा आमच्या शॉर्टस्टॉपने घाईत मारलेला थ्रो फर्स्टवालीच्या, म्हणजे फर्स्ट बेस सांभाळणाऱ्या मुलीच्या, डोक्यावरून थेट कुंपणापर्यंत गेला. आमची शॉर्टस्टॉप रडायला लागली. चूक तिची नव्हती, मी तिला नेहमीच्याच जागेवर उभं केलं होतं. त्यानंतर स्लॅपरसाठीची फिल्डिंग आम्ही वेगळी घोटवून घेतो. ती अशी.

आधी स्लॅप समजून घ्या. डावखुरी बॅटर मुळातच फर्स्ट बेसच्या एक-दोन पावलं जवळ उभी असते. स्लॅपर त्यावर आणखी एक गोष्ट करते: पिचरच्या हातून चेंडू सुटत असताना डावा पाय उजव्यावरून टाकून ती पळायलाच लागते आणि पळता पळता चेंडूला बॅट लावते. बेस ६० फुटांवर, म्हणजे १८.२९ मीटरवर. चपळ मुलगी हे अंतर तीन सेकंदांच्या आसपास तोडते. तेवढ्यात चेंडू गाठायचा, उचलायचा आणि फेकायचा. नेहमीच्या जागेवरून हे होत नाही.

जागा बदला

स्लॅपर बॉक्समध्ये, म्हणजे बॅटरने उभं राहायच्या चौकटीत, येताच कॅचरने मोठ्याने ‘स्लॅपर’ अशी हाक द्यायची. त्या एका हाकेवर सगळ्यांचे पाय हलले पाहिजेत.

थर्डवाली बेसपासून होमकडे, म्हणजे बॅटरच्या दिशेने, चार-पाच पावलं पुढे येते. फर्स्टवालीही पुढे येते, बंट (बॅट न फिरवता जवळच टाकलेला चेंडू) आला तर तो तिने उचलायचा. सेकंडवाली फर्स्ट बेसकडे सरकते, कारण फर्स्टवाली पुढे गेली की बेस तिने सांभाळायचा असतो. दुहेरी बेस असेल तर तिचा पाय पांढऱ्या भागावर हवा, केशरी भाग धावणारीसाठी असतो. मागच्या मैदानातल्या लेफ्ट आणि सेंटर फिल्डवाल्या आत येतात. राईट फिल्डवाली प्रत्येक थ्रोला फर्स्टच्या मागे धावते. आमच्या त्या सामन्यात तिथे कुणीच नव्हतं.

सगळ्यात महत्त्वाची जागा शॉर्टस्टॉपची. तिला बेसच्या रेषेपर्यंत पुढे आणा, जमलं तर एक पाऊल रेषेच्याही आत. मागे उभं राहिलं तर जास्त चेंडू अडतात हे खरं, पण स्लॅपरचा चेंडू अडवून उपयोग नाही, तो वेळेत फर्स्टला पोचायला हवा. इथे आपलं मैदानही बघा. ऑगस्टमध्ये ओल्या मातीत चेंडू टप्प्याटप्प्याला मरतो, तेव्हा शॉर्टस्टॉप आणखी एक पाऊल पुढे. ऑक्टोबरात तीच जमीन वाळून टणक होते आणि खाली दाबून मारलेला चेंडू डोक्याएवढा उसळतो. तो खाली येईपर्यंत थांबलात तर बॅटर पोचलीच. तेव्हाही पुढे जाऊन चढता चेंडूच घ्यायचा.

एवढ्या जवळ उभ्या राहणाऱ्या पोरींना फेस मास्क घातल्याशिवाय उभं करू नका. पिचरलाही तो हवा. स्लॅपर कधी कधी जागेवर थांबून पूर्ण ताकदीने मारते, आणि तेव्हा थर्डवालीला डोळे मिटायलाही वेळ मिळत नाही.

पाय आणि हात वाचा

बॅट लवकर खाली आली आणि आडवी झाली, तर ड्रॅग बंट, म्हणजे पळता पळता टाकलेला बंट. हात खांद्यापाशीच उंच राहिले आणि पाय सुटले, तर जोराचा स्लॅप, बहुतेक वेळा शॉर्ट आणि थर्डच्या मधून. पाय हललेच नाहीत, तर ती हिट मारणार. इन्फिल्डने (बेसजवळच्या फिल्डरनी) चेंडूआधी हे बघायचं. बेस अंपायरचंही लक्ष असतंच, पण पोरींनाही नियम माहीत हवा: चेंडूला बॅट लागताना तिचा पाय पूर्णपणे बॉक्सबाहेर जमिनीवर टेकला असेल, किंवा होम प्लेटला लागला असेल, तर ती आऊट.

पिचरने काय टाकावं

बाहेरचा खालचा चेंडू तिला देऊ नका, तो शॉर्टस्टॉपकडे ढकलायला सगळ्यात सोपा. अंगाजवळचा आणि उंच चेंडू टाका. पळत्या पायांनी तो नीट खेळता येत नाही, हवेत उडतो नाहीतर सेकंडकडे जातो, आणि तिथून थ्रो जवळचा. मधूनच चेंजअप, म्हणजे मुद्दाम हळू टाकलेला चेंडू, द्या. तिची सगळी मदार वेळेवर असते. चेंडू उशिरा आला की ती आधीच बॉक्सबाहेर निघालेली असते.

चेंडू उचलणं आणि फेकणं

धावत या, पण शेवटची दोन पावलं लहान करा. चेंडू दोन्ही हातांनी घ्या. उघड्या हाताने फक्त थांबलेला चेंडू उचलायचा. ग्लोव्हमधून चेंडू काढून परत थोपटण्याची सवय मोडा, त्यात बॅटरची दोन पावलं जातात. थ्रो छातीच्या उंचीवर. वेळ गेलेली असेल तर फेकूच नका. एका बेसवर सेफ झालेली पोरगी सुसह्य आहे, वाईट थ्रोने ती थर्डला जाते.

फर्स्टवर आधीच धावणारी असेल, तर सेकंड बेस सेंटर फिल्डवाली सांभाळेल आणि मोकळ्या थर्डकडे लेफ्ट फिल्डवाली धावेल, हे पिचरने चेंडू टाकायच्या आधी बोलून ठेवा.

सराव

आपल्या संघात डावखुरी नसतेच बहुधा. मग सगळ्यात जलद पळणारी उजवी पोरगी डावखुऱ्यांच्या बॉक्समध्ये उभी करा, चेंडू हाताने शॉर्टकडे घरंगळत सोडा आणि त्याच क्षणी तिला पळवा. एकीने स्टॉपवॉच धरायचं: चेंडू सुटल्यापासून पाय बेसला लागेपर्यंत. शॉर्टस्टॉपच्या जागेवर फक्कीने रेघ मारा. थ्रो उशिरा आला की रेघ अर्धं पाऊल पुढे, आरामात पोचला की अर्धं पाऊल मागे. प्रत्येक मुलीची रेघ वेगळी निघते, तीच तिला सामन्यात सांगायची.