संत्र्याची बाग आणि जर्मनीचा व्हिसा

माझा धाकटा भाऊ श्टुटगार्टला राहतो. आईबाबा काटोल तालुक्यात, पाच एकर संत्र्यात. मधल्यामध्ये मी, नागपुरात एका सीएंच्या ऑफिसात हिशेब सांभाळणारी. कागदपत्रांचं काम आपसूकच माझ्या गळ्यात पडतं. २०२४ मध्ये दोघांच्या व्हिसाची फाइल मी एका एजंटाकडे सोपवली आणि दोघांनाही नकार आला. २०२५ मध्ये तीच फाइल स्वतः केली आणि व्हिसा मिळाला. नोकरदारांची फाइल कशी करायची हे दहा जण सांगतात : पगाराच्या स्लिपा, रजेचं पत्र, फॉर्म सोळा. शेतकरी आईबापाची कशी करायची हे मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून हे लिहितेय.

आधी ठरीव गोष्टी उरकते. जर्मनीचा तीन महिन्यांपर्यंतचा व्हिसा म्हणजे शेंगेन व्हिसा. त्यावर २९ देशांत फिरता येतं, पण कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. अर्ज करायचा तो मुक्काम सर्वांत जास्त असेल त्या देशाकडे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, निदान पंधरा दिवस आधी तो गेलेला असावा. निकाल साधारण पंधरा दिवसांत लागतो, पण त्यांना शंका आली तर ४५ दिवसही लावू शकतात. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर तीन महिने वैध हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, सहा महिन्यांच्या आतला. विमा किमान ३०,००० युरोंचा. फी ११ जून २०२४ पासून माणशी ९० युरो, त्याआधी ८० होती, वर अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचा आकार वेगळा. नकार आला तर यातला पैसाही परत मिळत नाही. आम्ही एकदा ८० ने घालवले आणि एकदा ९० ने भरले.

आता नकाराबद्दल. नकारासोबत एक छापील फॉर्म येतो, त्यात कारणांपुढे चौकटी असतात. आमच्या दोघांच्या फॉर्मवर एकाच चौकटीत फुली होती : मुदत संपण्याआधी तुम्ही परत जाल याची खात्री पटली नाही. ते वाचून बाबा भडकलेच. "माही बाग सोडून मी तिकडं काय करू? बर्फ उपसू?" त्यांचं खरंच होतं. पण फाइल पुन्हा उघडून पाहिली तेव्हा लक्षात आलं की त्यात बाग कुठेच नव्हती. एजंटाने सातबारा लावलाच नव्हता. "मराठी कागद आहे, तिकडे कोण वाचतं," म्हणाला. फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात 'निवृत्त' लिहिलं होतं. बाबा निवृत्त! शिवाय खात्यात शिल्लक कमी दिसते म्हणून अर्जाच्या दहा दिवस आधी तीन लाख टाकायला लावले होते. हे मी तेव्हा ऐकलं कसं, याची अजून लाज वाटते, कारण ऑफिसात असली अचानक आलेली एंट्री दिसली की पहिला प्रश्न मीच विचारते.

म्हणून दुसऱ्या वेळी सुरुवात बागेपासून केली. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या पोर्टलवर पंधरा रुपयांत निघतो, तलाठ्याकडे खेटे घालायची गरज नाही. सोबत आठ-अ काढा. सातबारा एकेका गटाचा असतो, आठ-अ वर खात्याची सगळी जमीन एका जागी दिसते. काढल्याबरोबर पिकाचा रकाना पाहा. आमचा कोरा होता. ई-पीक पाहणी बाबांनी केलीच नव्हती, म्हणजे सरकारदरबारी पाच एकरांत एकही झाड नाही. पुढच्या हंगामात मी स्वतः बांधावर उभी राहून मोबाइलवर नोंद केली, मग 'संत्रा' उमटला. म्हणून प्रवास पुढच्या वर्षी असेल तर पीक पाहणी यंदाच उरकून घ्या. सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर शिक्क्यानिशी करून घेतलं. भाषांतर करणाऱ्याने 'पोटखराबा' (गटातली लागवडीला न येणारी जमीन) या शब्दापाशी मला दोनदा फोन केला.

उत्पन्न दाखवणं त्याहून अवघड. आमच्या भागात बाग बहुतेकदा उक्तीच जाते : व्यापारी येतो, झाडं पाहतो, आकडा ठरतो, तोडणी त्याची. पैसे हप्त्याहप्त्याने, बरेचसे रोख. व्हिसासाठी बँकेचं तीन महिन्यांचं स्टेटमेंट मागतात आणि शेतकऱ्याच्या खात्यात वर्षातून एकदा-दोनदाच पैसा येतो. बाहेरच्या माणसाला ते एजंटाच्या तीन लाखांसारखंच दिसणार. त्या वर्षी मी बाबांना हट्टाने सांगितलं की बाबा, तुम्ही काहीही करा, पण सौदा आरटीजीएसनेच घ्या. व्यापारी कुरकुरला, पण त्याने केलं. सौद्याची चिठ्ठी जपून ठेवली. थोडा माल बाबांनी स्वतः नागपूरच्या कळमना बाजारात नेला होता, त्याच्या आडत्याच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या पावत्या, होत्या. मग स्टेटमेंट तीनऐवजी बारा महिन्यांचं काढलं, बँकेचा शिक्का घेतला आणि प्रत्येक मोठ्या जमेसमोर पेन्सिलीने आकडा टाकला : १, २, ३. त्याच आकड्याने मागे चिठ्ठी किंवा पट्टी लावली. वाचणाऱ्याला शोधायला लागू नये एवढाच हेतू.

आयटीआरचं विचाराल तर, शेतीचं उत्पन्न करमुक्त असतं म्हणून बरेच जण विवरणपत्र भरतच नाहीत. भरा. आणि भरताना ध्यानात ठेवा, शेतीचं उत्पन्न ५,००० रुपयांच्या वर असेल तर आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ लागतो. बाबांना मुदत ठेवीचं थोडं व्याज होतं, त्यासोबत शेतीचं उत्पन्न दाखवून दोन वर्षांची विवरणपत्रं लावली. आईच्या नावावर काहीच नव्हतं. तिच्या फाइलीत बाबांच्या कागदांच्या प्रती, लग्नाचा दाखला आणि खर्च नवरा आणि मुलगा करणार असल्याचं एक पानी पत्र.

मुलाच्या बाजूचा कागद म्हणजे जर्मनीतलं हमीपत्र. फेअरप्फ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग असं त्याचं नाव. बाबांनी पहिल्यांदा ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे फेरफार." तेव्हापासून आमच्या घरात तो फेरफारच. भावाने तिथल्या परदेशी नागरिकांच्या कचेरीत जाऊन पगाराच्या स्लिपा आणि घरभाड्याचा करार दाखवला, २९ युरो भरले आणि आईबाबांचा सगळा खर्च मी करीन असं सरकारला लिहून दिलं. हा कागद मूळ प्रतच लागतो, मोबाइलवर आलेला फोटो चालत नाही. त्याने कुरिअर केला, पोचायला आठवडा गेला. अर्जाच्या वेळी मूळ दाखवून प्रत द्यायची आणि मूळ प्रवासात हातातल्या पिशवीत ठेवायचं, कारण तिकडे उतरल्यावर पुन्हा मागू शकतात.

नावांनी मात्र रडवलं. आधारवर आई 'कमलाबाई', पासपोर्टवर 'कमल'. आडनावात एका जागी 'ए', दुसऱ्या जागी 'ई'. बँकेत मधलं नाव नवऱ्याचं, शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं. आपल्याकडे कोणालाच याचं काही वाटत नाही, पण कागद वाचणाऱ्याला त्या चार वेगवेगळ्या बायका दिसतात. पासपोर्टवरचं स्पेलिंग हेच खरं मानायचं आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवत जायचं. आधार आणि बँक दुरुस्त केली. शाळेच्या दाखल्यासाठी 'या दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडे केलं. विमान आणि विम्याच्या बुकिंगवरही पासपोर्टवरचंच नाव, अक्षरन् अक्षर.

सगळ्यात जास्त वेळ मी घातला तो अर्जासोबतच्या पत्रावर. पहिल्या फाइलीत एजंटाचं ठरावीक छापाचं पत्र होतं, युरोपची संस्कृती पाहण्याची इच्छा वगैरे. बाबांना संस्कृती नाही, नातू पाहायचा होता. दुसऱ्या वेळी मी तारखांचं पत्र लिहिलं. आमची बाग मृग बहाराची. फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरतं. त्यानंतर झाडांना ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात, पानं मलूल होऊ देतात, आणि पावसाबरोबर ताण सुटला की फूल येतं. म्हणजे एप्रिलच्या मध्यापासून मे संपेपर्यंत बागेत फारसं काम नसतं आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मालक हजर नसेल तर वर्ष हातचं जातं. म्हणून २० एप्रिल ते ३ जून, पंचेचाळीस दिवस. दरम्यान बाग चुलतभाऊ पाहणार, त्याचं पत्र सोबत जोडलं आहे. एवढंच, एका पानात, साध्या इंग्रजीत. तुमच्याकडे कपाशी असेल, दुभती जनावरं असतील, किराणा दुकान असेल, तर त्याचंही असंच एक वेळापत्रक असतंच. तेच लिहा. 'मायदेशाशी घट्ट नातं' असली वाक्यं लिहू नका, ती सगळेच लिहितात.

तिकीट मात्र व्हिसाआधी पक्कं काढू नका. जाण्यायेण्याचं आरक्षण दाखवलं तरी पुरतं.

बोटांचे ठसे द्यायला अर्ज केंद्रावर स्वतः जावं लागतं. आम्ही मुंबईची वेळ घेतली, संध्याकाळी विदर्भ एक्स्प्रेस धरली, सकाळी सीएसएमटी. तिथे खिडकीवर बाबांचे ठसे उमटेनात. चाळीस वर्षं कुदळ, फवारणी, छाटणी. बोटांच्या रेषा झिजलेल्या. खिडकीपलीकडची मुलगी पुन्हा पुन्हा काच पुसायची, बाबा पुन्हा पुन्हा बोट दाबायचे, जोर लावला की ठसा आणखी फासटायचा. शेवटी तिनेच सांगितलं, "काका, कोमट पाण्याने हात धुऊन या, आणि हलकं ठेवा." तिसऱ्या खेपेला उमटले. हातावर काम करणाऱ्या माणसाला आठवडाभर आधीपासून रोज रात्री बोटांना खोबरेल लावायला सांगा आणि बायकांनी मेंदी टाळा. एकदा दिलेले ठसे ५९ महिने चालतात. मुलाखत अशी काही झाली नाही. कागद मात्र यादीच्या क्रमाने लागतात, फाइल पिना न मारता न्या.

व्हिसाचं स्टिकर पासपोर्टवर येऊन पडलं की लगेच वाचा. त्यावर दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि आमच्या बाबांनी त्या एकच धरल्या. 'पासून–पर्यंत' होतं २० एप्रिल ते १८ जून, आणि दिवस ४५. बाबा म्हणाले, "पंधरा दिवस जास्तीचे देल्ले!" तसं नाही. राहायचे दिवस पंचेचाळीसच, वरचे पंधरा विमान मागेपुढे झालं तर म्हणून. उतरल्याचा आणि निघाल्याचा, दोन्ही दिवस मोजतात. नाव, पासपोर्ट नंबर, प्रवेश एकदाच की अनेकदा, हेही तपासा. चूक असेल तर निघण्याआधीच कळवायला हवं.

आणि व्हिसा म्हणजे आत सोडण्याची हमी नाही. तिकडच्या खिडकीवर पुन्हा विचारतात : कशाला आलात, कुठे राहणार, परत कधी. बाबांना मी तीन इंग्रजी वाक्यं पाठ करून दिली होती आणि फेरफार, विमा, परतीचं तिकीट, भावाचा पत्ता एका प्लास्टिकच्या पाकिटात घालून दिले होते. त्यांनी वाक्यं विसरून पाकीटच पुढे केलं. त्यानेही भागलं. त्यांच्या वेळी पासपोर्टवर शिक्का बसला, पण १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याऐवजी फोटो आणि ठशांची संगणकावरची नोंद सुरू झाली आहे. तेव्हा एक दिवसही जास्त राहिलात तर तो आपोआप दिसणार.

सामानाबद्दल बाबांशी झालेलं भांडण इथे सांगायलाच हवं. त्यांना नातवासाठी आपल्या झाडाची संत्री न्यायची होती. युरोपात बाहेरून ताजी फळं न्यायची तर वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. सूट फक्त पाचच फळांना : अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर. संत्रं त्यात नाही. "केयी चालते अन् संत्र नाही?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आईचं घरचं तूपही राहिलं, कारण दुधाचे पदार्थ आणि मांस नेता येत नाही. गोळ्यांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवली, औषधाच्या मूळ नावासह.

नकार आलाच तर पूर्वी जर्मन वकिलातीकडे फेरविचाराचा अर्ज करता यायचा. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली. आता नवा अर्ज करा, नाहीतर थेट कोर्टात जा. नवा अर्ज करताना जुना नकार लपवू नका, त्यांच्याकडे नोंद असतेच. आम्ही पत्रातच लिहिलं होतं : मागच्या वेळी शेतीचे कागद जोडले नव्हते, या वेळी जोडले आहेत.

आईबाबा २ जूनला परतले. बोर्डिंग पासही मी फाइलीत लावून ठेवलेत. भारतीयांसाठी २०२४ च्या एप्रिलपासून नियम असा आहे की तीन वर्षांत दोन व्हिसे घेऊन ते नीट वापरले तर पुढे दोन वर्षांचा, अनेकदा जाता येईल असा व्हिसा मिळू शकतो. बाबांचा एक झाला. दुसऱ्यासाठी भाऊ डिसेंबरात बोलावतोय, नातवाला बर्फ दाखवायचाय म्हणे. पण तेव्हा मृगाचं फळ झाडावर असतं, त्यामुळे सध्या घरात वाद चाललाय तो यंदा बाग आंबिया बहारावर, म्हणजे ज्याचं फळ मृगाच्या आधी उतरतं त्यावर, घ्यायची का याचा.