तिसऱ्याच दाढीला ब्लेड ओढतंय? या चुका टाळा

पाकिटातून नवं कोरं ब्लेड काढावं आणि तिसऱ्याच दाढीला ते हनुवटीखाली ओढायला लागावं! कंपनीला शिव्या घालून आपण मोकळे होतो. मीही घातल्यात. पण बहुतेक वेळा ब्लेडचा जीव आपणच घेतलेला असतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दाढी न भिजवता घाईघाईनं रेझर फिरवणं. नाशिकला राहत असाल तर कधीतरी रामकुंडावर दहा मिनिटं थांबून मुंडन करणाऱ्याचे हात बघा. तो आधी वस्तऱ्याला हातच लावत नाही. पाणी घेतो, डोकं चोळतो, पुन्हा पाणी, पुन्हा चोळणं. मग ब्लेड कागदासकट मधोमध मोडून अर्धं वस्तऱ्यात सरकवतो आणि केस कसे सरसर उतरतात. आपण मात्र जानेवारीच्या थंडीत गार पाण्याचे दोन शिंतोडे मारतो, फेस फासतो आणि सुरू.

ब्लेडचं पोलाद केसापेक्षा साधारण 50 पट कठीण. मग केसानं त्याची धार जावी कशी? अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी 2020 मध्ये याचा छडा लावला. त्यांच्यातल्या एकानं स्वतःची दाढी करून ती ब्लेडं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. धार नुसती झिजलेली नव्हती, तिचे बारीक टवके उडाले होते. केस घट्ट धरून कापला तर टवके उडत नव्हते, वाकायला मोकळा असला की उडत होते. धारेवर जिथे पोलादाची घडण एकसारखी नाही, तिथे वाकडा केस कडेनं रेटतो आणि तुकडा निघतो.

एवढं कळलं की काय करायचं ते आपोआप सुचतं. दाढी अंघोळीनंतर करा, नाहीतर कोमट पाण्यानं दोन-तीन मिनिटं नीट भिजवा. भिजलेला केस कापायला कमी जोर लागतो. कातडी ताणून धरा, रेझर दाबू नका. आठवड्याची वाढ असेल तर आधी ट्रिमर किंवा कात्री, मग ब्लेड. लांब केस वाकणारच.

ब्लेड टॉवेलला पुसू नका. धारेवर अतिशय पातळ लेप असतो, त्यामुळेच ते कातडीवरून घसरतं. तो लेप पुसून काढला की पोलाद शाबूत असूनही दाढी खरखरीत होते. काचेच्या ग्लासात आतून ब्लेड घासायची जुनी युक्तीही सोडा. ती जुन्या साध्या पोलादाच्या ब्लेडांच्या काळातली.

आता, ब्लेड खरंच गेलंय का? दोन धारांचं असेल तर रेझर उलटा करून दुसऱ्या धारेनं तोच गाल करून बघा. एकच धार ओढत असेल तर ती गेली. दोन्ही सारख्याच ओढत असतील तर आधी दाढी पुन्हा भिजवा. मग रेझर उघडून बघा: वाळलेला साबण, अडकलेले केस आणि बोअरचं पाणी असेल तर पांढरा क्षार. वाहत्या पाण्यात धुवा, झटका आणि बाथरूमबाहेर कोरड्या जागी ठेवा. स्टेनलेस असलं तरी पावसाळ्यात ओलं राहून डाग धरतंच.

एवढं सांभाळूनही ब्लेड महिनाभर पुरेल अशी आशा धरू नका. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांची संघटना पाच ते सात दाढ्यांनंतर ते बदला म्हणते. कडक दाढीवाल्यांचं त्याआधीच संपतं.

आणि घरच्यांपासून जपा. माझी ब्लेडं दोन दाढ्यांत का मरतात याचा शोध मी बरेच दिवस घेत होतो. एका रविवारी आई त्याच ब्लेडनं पोलक्याची शिवण उसवताना दिसली. वर म्हणते, “अरे, दोनच टाके होते.” आता शिवणाच्या डब्यात तिला वेगळं ब्लेड दिलंय.

वापरलेलं ब्लेड सुटं घंटागाडीत टाकू नका, कचरा वेगळा करणाऱ्याचा हात कापतो. मी पावडरच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्याला वर चीर पाडून त्यात टाकतो. चार वर्षं झाली, डबा अजून निम्माही भरलेला नाही.