घरच्या आयएनआर मशीनचा आकडा बरोबर आहे का, हे कसं तपासायचं

माझ्या मायच्या हृदयात मेटलचा मायट्रल वॉल्व आहे, रोज संध्याकाळी ॲसिट्रॉम (रक्त पातळ ठेवायची गोळी) चालू, आन डॉक्टरांनी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, जास्त म्हणजे रक्त जास्त पातळ) 2.5 ते 3.5 मधे ठेवायला सांगितलाय. गाव गंगाखेडच्या पुढं, लॅबसाठी परभणी गाठायची म्हणजे अख्खा दिवस जातो, म्हणून बोटातल्या थेंबावर आयएनआर सांगणारं मशीन घेतलं. मशीन कामाचं आहे, पण त्याचा आकडा कधी धरायचा आन कधी नाही हे कळायला आम्हाला लई दिवस लागले, म्हणून लिहायलोय.

हे मशीन वॉरफरिन, ॲसिट्रॉमवाल्यांसाठीच आहे. डॅबिगॅट्रान, रिवारोक्सॅबान, एपिक्सॅबान या रक्त पातळ करायच्या नव्या गोळ्या चालू असतील तर विकत घेऊच नका.

मशीन घरी आलं की आधी लॅबशी ताळा करा. मशीन सोबत घेऊन जा, दंडातून रक्त काढलं की तिथंच बसून बोटाचीपण टेस्ट करा, दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहा. दोन-तीन खेपा असं केलं की आपलं मशीन वर दाखवतंय का खाली, ते समजतं. मायचं मशीनवर 3.1 आलं तेव्हा लॅबला 2.8 होतं, दोन्ही रेंजमधेच, म्हणजे चाललं. 0.5 पर्यंतचा फरक नेहमी दिसतो. आयएसओचं (जगभरची मानकं ठरवणारी संस्था) 2007 चं मानक तर 2 ते 4.5 मधे 30 टक्के फरकालाही चालवून घ्यायचं, मला ते लई ढिलं वाटतं, 3 वर 30 टक्के म्हणजे जवळपास 1 चा फरक झाला की! आन लॅबपण चुकते बरं का, निळ्या झाकणाची बाटली खुणेपर्यंत भरली नाही तर आयएनआर खोटाच जास्त येतो, ते बघत जा, आन दरवेळी लॅब एकच ठेवा.

मशीनवर 4 च्या वर गेलं की माझा त्या आकड्यावर भरवसा नसतो, तिथं ही मशीनं बऱ्याचदा जास्त दाखवतात. 2018 मधे अमेरिकेत कोॲगुचेक एक्सएस या अशाच मशीनच्या काही लॉटच्या स्ट्रिप (रक्ताचा थेंब लावायच्या पट्ट्या) याच कारणानं परत मागवल्या होत्या. असं आलं तर हात धुऊन दुसऱ्या बोटावर परत बघा, डॉक्टरांना फोन करा, लॅबला कन्फर्म करा.

आता आपल्याकडची खरी अडचण, ऊन. कोॲगुचेकच्या स्ट्रिप 2 ते 30 डिग्रीत ठेवायच्या असतात, मशीन 18 ते 32 मधे चालतं, आन मे महिन्यात आपल्याकडं 42 च्या वर जातंय, त्यात पत्र्याचं घर. पहिल्या उन्हाळ्यात डबी कपाटात राहिली आन एकामागं एक एरर, महागाच्या स्ट्रिप वाया गेल्या. आता फ्रिजच्या दारात ठेवतो, फ्रीजरमधे नाही, टेस्ट सकाळी सहाच्या आत करतो, स्ट्रिप काढली की डबी लगेच बंद, दमटपणानंही खराब होतात. नव्या डबीसोबत कोड चिप आली असेल तर जुनी काढून तीच घाला.

बोट टोचायच्या आधी हात साबणानं आन कोमट पाण्यानं धुवा, पुसून पूर्ण कोरडे करा, पाणी किंवा सॅनिटायझर राहिलं की आकडा बिघडतो. हात खाली लोंबकळत ठेवा, बोटाच्या कडेला टोचा, पहिलाच थेंब 15 सेकंदांच्या आत स्ट्रिपला लावा, पिळू पिळू काढलेलं रक्त नको. कमी पडलं तर त्याच स्ट्रिपवर दुसरा थेंब टाकू नका, नवी स्ट्रिप अन् नवं बोट घ्या.

अंगात रक्तच कमी असेल (हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, 25 टक्क्यांच्या खाली), किंवा अँटीफॉस्फोलिपिडचा (रक्ताच्या गुठळ्या होण्याचा) आजार असेल तर मशीनचा आकडा धरू नका, लॅबच करा.

आन आकडा अचानक हलला तर मशीनला दोष द्यायच्या आधी त्या आठवड्यात काय बदललं ते आठवा, जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल घेतली का, गोळी चुकली का, मेथी-पालक एकदम वाढली का. डोस मात्र स्वतःच्या मनानं कधीच बदलू नका. शौचाला काळं झालं, लघवीतून रक्त आलं, डोक्याला मार लागला, तर मशीन 2.8 दाखवत असलं तरी थांबू नका, थेट दवाखाना गाठा.