वादळ येतंय म्हणे? आधी वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ येणार म्हणून आम्ही माहीमच्या घरातल्या सगळ्या काचांवर चिकटपट्टीच्या फुल्या मारल्या. पिंप, बादल्या, कुकरसुद्धा पाण्याने भरून ठेवला. वादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं आणि आमच्याकडे संध्याकाळी कांदाभजी झाली. चिकटपट्टी खरवडण्यात मात्र पुढचे दोन रविवार गेले. (ती लावून काच फुटायची थांबत नाही, हेही नंतर कळलं.)

त्यामुळे पुढच्या वर्षी 17 मे ला तौक्ते ‘गुजरातकडे चाललंय’ एवढं ऐकून, सोसायटीचा सेक्रेटरी असूनही, मी गच्चीवरचे पत्रे बांधले नाहीत. वादळ मुंबईला टेकलंसुद्धा नाही, शंभराहून जास्त किलोमीटर दूर समुद्रातूनच वर सरकलं. तरी कुलाब्याला वाऱ्याचा झोत ताशी 114 किलोमीटरवर गेला आणि सांताक्रूझला चोवीस तासांत 230 मिलिमीटर पाऊस झाला. आमचा एक पत्रा उडून तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या स्कूटरवर पडला. भरपाई माझ्या खिशातून गेली, आणि वादळाचा नकाशा वाचायला मी तेव्हा शिकलो.

नकाशात सगळे केंद्राचा ठिपका बघतात. तुम्ही मार्गाची रेघ बघा. वादळ ज्या दिशेला चाललंय त्या दिशेला तोंड करून त्याच्या पाठीवर बसलोय अशी कल्पना करा. मुंबई उजव्या हाताला येते की डाव्या? आपल्याकडची वादळं घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतात, म्हणून उजव्या बाजूला फिरण्याचा वेग आणि पुढे सरकण्याचा वेग एकमेकांत मिळतात. डावीकडे एकातून दुसरा वजा होतो. निसर्ग ईशान्येला जात होतं, आपण डावीकडे होतो. तौक्ते उत्तरेला जात होतं, आपण उजवीकडे. सगळा फरक एवढ्यात आला. रेघेभोवतीचा पसरट पट्टा म्हणजे केंद्र कुठून कुठपर्यंत सरकू शकतं त्याचा अंदाज. पाऊस-वारा त्या पट्ट्याबाहेरही पोचतो.

नकाशा फक्त हवामान खात्याचाच उघडा. चक्रीवादळ तयार झालं की त्यांचं पत्रक दर तीन तासांनी निघतं. उपग्रहाच्या चित्रावर यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ असेल तर त्यात साडेपाच तास मिळवा. 0600 म्हणजे आपले सकाळचे साडेअकरा. व्हॉट्सॲपवर फिरणारी निम्मी चित्रं परवाची असतात, ती इथेच पकडली जातात.

आता वारा. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी समुद्रावरून, म्हणजे पश्चिमेकडून वारा येतो. भर दुपारी दोरीवरचे कपडे समुद्राच्या दिशेला उडायला लागले, की मी जागा होतो. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा आणि डावा हात लांब करा. केंद्र साधारण त्या अंगाला. मग तासातासाने बघा. वारा पूर्वेकडून आग्नेय, दक्षिण, नैऋत्य असा वळत गेला तर वादळ आपल्या पश्चिमेने वर चाललंय. पूर्वेकडून ईशान्य आणि उत्तरेला वळला तर ते आपल्या खालून जमिनीवर शिरतंय. उंच इमारतींच्या गल्लीत वारा खोटं बोलतो, तेव्हा हे गच्चीवर किंवा चौपाटीपासून लांब, मोकळ्या जागी करा आणि वारा चढायच्या आत खाली या.

आमच्याकडे पापलेट घेऊन येणाऱ्या मावशींना यातलं काहीच लागत नाही. ‘तीन नंबरचा बावटा लागलाय, पोरगा होडी वर ओढतोय,’ एवढं त्या सांगतात. तीन नंबर म्हणजे बंदरातच सोसाट्याचा वारा येऊ शकतो. एक आणि दोन नंबर दूरच्या समुद्रासाठी असतात.

पावसाचं गणित वेगळं. 204.4 मिलिमीटरच्या वर गेला की खातं त्याला अत्यंत मुसळधार म्हणतं, आणि हा आकडा सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठचा असतो. पण ‘मुंबईत इतका पाऊस’ याला फार अर्थ नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर झाला आणि कुलाब्याला शंभरसुद्धा नाही. महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापनाच्या संकेतस्थळावर आपल्या वॉर्डातल्या पर्जन्यमापकाचा आकडा बघा. शेजारी भरती-ओहोटीची वेळ लिहून ठेवा. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आले की नाल्यातलं पाणी समुद्रात जातच नाही, ते आमच्या पार्किंगमध्ये येतं. तक्त्यातला आकडा फक्त चंद्र-सूर्याच्या भरतीचा असतो. वादळाने ढकललेलं पाणी त्यावर चढतं. मी भरतीच्या दोन तास आधी गाड्या वर हलवायला सांगतो, पंपाचा स्विच तपासतो आणि लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करतो.

टोर्नेडोबद्दल मुलं विचारतात. अंगणातली वावटळ ती नव्हे. टोर्नेडो ढगापासून जमिनीपर्यंत लोंबणारी सोंड असते. वादळाच्या बाहेरच्या पावसाच्या पट्ट्यांत, बहुतेक पुढच्या उजव्या बाजूला, केंद्रापासून लांबही तो तयार होतो आणि काही मिनिटांत विरतो. आपल्याकडे क्वचितच होतो, पण 25 मे 2021 ला, ‘यास’ नावाचं चक्रीवादळ ओडिशाला धडकायच्या आदल्या दिवशी, पश्चिम बंगालमध्ये हालीशहर आणि चुंचुडा इथे त्याने घरं मोडली. मुंबईतल्या कुलाबा आणि वेरावलीच्या रडारची चित्रं आपण बघू शकतो, पण त्यातून टोर्नेडो ओळखायच्या भानगडीत पडू नका. पट्टे कुठून कुठे सरकतायत एवढं बघा आणि पुढच्या तीन तासांसाठीचा इशारा वाचत राहा. समुद्रावर सोंड दिसली तर मोबाईल काढून खिडकीत उभं राहायचं नाही. आतल्या पॅसेजमध्ये किंवा बाथरूममध्ये जायचं, काचेपासून दूर. झाड पडलं, पाणी शिरलं तर 1916.

वारा थांबला म्हणून लगेच गच्ची उघडू नका. केंद्र डोक्यावरून जात असेल तर तो थोड्या वेळाने उलट बाजूने येतो. पत्रक बघून मगच कुलूप काढा. आमचे पत्रे आता सुतळीने नाही, तारेने बांधलेत. वहिनी मात्र मे महिना लागला की स्कूटर पलीकडच्या गल्लीत लावतात.