पक्ष्यांच्या फोटोतील दाणे कमी करण्याचा उपाय

गोव्यातील चोडण बेटावरील सलीम अली पक्षी अभयारण्यात खारफुटीच्या सावलीत, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) वाढवून टिपलेला खंड्या मोबाइलवर स्वच्छ दिसतो; मात्र विक्रीसाठी स्टॉक संस्थेकडे (छायाचित्रांचे वापर-हक्क विकणाऱ्या संस्थेकडे) पाठवलेला तोच फोटो दाणेदार, म्हणजे बारीक ठिपक्यांनी खरखरीत, म्हणून नाकारला जाऊ शकतो.

1. संगणकावर फोटो 100 टक्के आकारात उघडून आधी पक्ष्याचा डोळा पाहावा. डोळ्याची कड आणि त्यातील प्रकाशाचा ठिपका रेखीव नसेल, तर तो फोटो तेथेच बाजूला ठेवावा.

2. दाणे केवळ पार्श्वभूमीवरून काढावेत. पिसांवरही तोच उपाय केल्यास ती मेणासारखी गुळगुळीत दिसू लागतात, आणि माझ्या मते हा दोष मूळ दाण्यांपेक्षाही वाईट आहे, कारण खंड्याच्या पंखावरील निळ्या पिसांची बारीक रचनाच त्यात नाहीशी होते.

3. शेवटी फोटोची लांबी-रुंदी निम्मी करावी, म्हणजे उरलेले दाणेही कमी दिसतात. 6000 बाय 4000 पिक्सेलचा फोटो 3000 बाय 2000 झाला, तरी 6 मेगापिक्सेल (60 लाख पिक्सेल) उरतात. अनेक संस्थांची किमान अट 4 मेगापिक्सेलची असते.

पक्षी मोठा दिसावा म्हणून फोटो आधीच बराच क्रॉप केलेला असेल, तर आकार घटवण्यापूर्वी हा हिशेब अवश्य करावा, आणि हे सारे काम मूळ फाइलवर न करता तिच्या प्रतीवर करावे.