आठवीच्या पोरांना टॉम रॉबिन्सनचा खटला शिकवताना

कापसाची वेचणी उरकून पोरं पुन्हा शाळेत दिसायला लागली, की मी हे पुस्तक काढते. हार्पर ली यांची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’, १९६० ची कादंबरी. गोष्ट १९३० च्या दशकातल्या अलाबामाची. आमच्या यवतमाळकडच्या शाळेत मी नकाशापासून सुरुवात करत नाही, टॉमच्या हातापासून करते. लहानपणी त्याचा डावा हात कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रात, अडकला आणि कायमचा लुळा पडला. जिनिंगचं नाव काढलं की पोरं सावरून बसतात. कोणाचा बाप, कोणाचा मामा तिथंच कामाला असतो.

या काळ्या माणसावर मेयेला नावाच्या एका गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा खोटा आळ आहे, हे न अडखळता सांगा. मग खटला करून पाहा. दोन मुली समोरासमोर उभ्या करा. एकीच्या डाव्या तळव्याला खडूची पूड लावा, दुसरीच्या गालाला हलकेच टेकवायला सांगा. पांढरा पंजा उजव्या गालावर उमटतो. मेयेलाच्या तोंडावर मार होता तो उजव्याच बाजूला. आता तो डावा हात ओढणीनं अंगाशी बांधा आणि विचारा, टॉमनं मारलं कसं? शेवटी सांगा, मेयेलाचा बाप कोर्टात डाव्या हातानं सही करतो. “मॅडम, बापानंच मारलं!” असा गलका होतो. त्या दिवशी निकाल सांगू नका. रात्रभर पोरांना वाटू द्या की टॉम सुटणार.

टाळ्या टॉमचा वकील ॲटिकसला पडतात. पडू द्या, पण एक अख्खा तास त्यांच्या घरी राबणाऱ्या कॅल्पर्नियाला द्या. ती गोऱ्यांच्या घरी एक बोली बोलते, चर्चमध्ये आपल्या माणसांत दुसरी. घरी ‘माय’ आणि वर्गात ‘आई’ म्हणणाऱ्या पोरांना यातलं काही समजावून सांगावं लागत नाही.

कोर्टात काळ्यांनी वरच्या सज्जात बसायचं, इथं आलं की पुस्तक मिटा. आधी स्वतःचं सांगा. आमच्या वावरात वेचायला येणाऱ्या एका आजीचा कप गोठ्याच्या वळचणीला खोचलेला असे. नऊ वर्षांची मी त्यात वरून चहा ओतायची. कान तुटलेला, निळ्या काठाचा कप. मी कधी विचारलं नाही. हे बोलून झाल्यावरच पोरांना लिहायला सांगते, आपल्या गावात ‘सज्जा’ कुठं आहे?

त्या चिठ्ठ्या वर्गात मोठ्यानं वाचू नका. घडी घालून ज्याच्या त्याच्या हाती परत द्या. पोरांना त्याच गावात घरी जायचं असतं.