गायब झालेल्या टीमचा टी-शर्ट कसा बनवायचा (फक्त पुणेकरांसाठी)

पुण्याचं नशीबच असं आहे की टीम येते, दोन-चार सीझन खेळते आणि गाशा गुंडाळून निघून जाते. क्रिकेटच्या आयपीएलमधे पुणे वॉरियर्स २०११ ते २०१३, रायझिंग पुणे २०१६ आणि २०१७, फुटबॉलमधे आधी पुणे एफसी आणि मग एफसी पुणे सिटी, जी २०१९ ला बंद पडली आणि आयएसएलमधे (फुटबॉलची इंडियन सुपर लीग) तिच्या जागी हैदराबाद आलं. मधेच भारत एफसी नावाची एक टीम आय-लीग या दुसऱ्या फुटबॉल लीगचा एकच सीझन खेळून गेली, ती तर बालेवाडीला नियमित मॅच बघायला जाणाऱ्यांनाही पटकन आठवत नाही. पण या टीमवर जीव लावलेले लोक अजून इथंच आहेत, आणि त्यांना बर्थडेला काय द्यायचं हा प्रश्न पडला असेल तर पुढचं वाचा.

सगळ्यात आधी, लोगो छापू नका. टीम बंद झाली म्हणजे लोगो फुकट झाला असं नसतं. रजिस्टर्ड ट्रेडमार्क १० वर्षांचा असतो आणि पुढं रिन्यू करता येतो, त्यामुळे टीम मैदानावर नसली तरी कागदावर तो लोगो कोणाचा तरी असू शकतो. दहा मित्रांसाठी ऑर्डर देऊन त्यांच्याकडून पैसे घ्यायचे म्हणजे विक्रीच झाली की. खेळाडूचा फोटोही नको, तो काढणाऱ्याचा कॉपीराइट असतो आणि चेहरा खेळाडूचा, दोन्हीकडून अडचण. खरं सांगायचं तर लोगोवाला टी-शर्ट दिसतोही फुटपाथवरच्या डुप्लिकेट जर्सीसारखाच.

त्यापेक्षा स्कोअर छापा. माझ्या मते अख्ख्या प्रकारातली मजा इथंच आहे, ज्याने ती मॅच बघितली त्यालाच कळलं पाहिजे, बाकीच्यांनी विचारलं पाहिजे की हे काय आहे बुवा.

उदाहरणार्थ छातीवर फक्त "१२९ – १२८", खाली बारीक अक्षरात २१ मे २०१७. बस. हैदराबादला झालेली आयपीएल फायनल, मुंबई १२९, आपण म्हणजे रायझिंग पुणे १२८, एका रनने गेली. रंग जांभळट-गुलाबी घेतलात तर टीमचं नाव लिहायची गरजच नाही. एफसी पुणे सिटीवाल्यासाठी केशरी-जांभळा घ्या आणि २०१७-१८ लिहा, त्या वर्षी सेमीफायनलपर्यंत गेलो होतो. आणि वॉरियर्सचा फॅन असेल तर... २३ एप्रिल २०१३, बंगळुरू, त्यांच्या ख्रिस गेलचे १७५ नाबाद, आपल्याच विरुद्ध! हा टी-शर्ट फक्त ज्याला स्वतःवर हसता येतं त्यालाच द्या, सासऱ्यांना नको.

स्टेडियमचं म्हणाल तर नेहरू स्टेडियम अजून स्वारगेटला उभं आहे, पण मोठ्या मॅचेस गेल्या गहुंजेला, त्यामुळे तिथल्या आठवणी पन्नाशीच्या पुढच्या लोकांकडेच जास्त. त्यांच्यासाठी माझी पहिली पसंती २९ फेब्रुवारी १९९६. वर्ल्ड कपमधे केनिया १६६ ऑलआउट आणि वेस्ट इंडिज ९३ ऑलआउट, तेही आपल्या नेहरू स्टेडियमवर. तारीखही अशी की चार वर्षांतून एकदाच गिफ्ट द्यायचा मुहूर्त येतो. गहुंजेचं म्हणाल तर २०१२ ला उद्घाटन झालं तेव्हा स्टेडियमला सुब्रत रॉय सहारा यांचं नाव होतं, पुढच्याच वर्षी ते गेलं. त्या जुन्या नावाचा उल्लेख असलेलं तिकीट घरात सापडलं तर टी-शर्ट राहू दे, ते फ्रेम करा.

आजोबांसाठी अजून मागं जा. डिसेंबर १९४८, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड, पुण्यात. भाऊसाहेब निंबाळकर ४४३ नाबाद, ब्रॅडमनचा तेव्हाचा विश्वविक्रम ४५२ चा, आणि समोरच्या कॅप्टनने मॅचच सोडून दिली. काठियावाड नावाची टीमही आता नाही. मगवर एका बाजूला ४४३* आणि दुसऱ्या बाजूला ४५२, चहा पिताना रोज हळहळतील.

आता छपाई. एक-दोन पीस हवे असतील तर डीटीएफ सांगा (डिझाइन आधी फिल्मवर छापून मग उष्णतेने कपड्यावर उतरवतात), पंचवीस-तीसच्या पुढं ऑर्डर असेल तर स्क्रीन प्रिंट स्वस्त पडतं कारण खर्च पीसवर कमी आणि रंगावर जास्त असतो, एक रंग म्हणजे एक स्क्रीन. सब्लिमेशन (उष्णतेने शाई कापडातच मुरवायची छपाई) फक्त पॉलिस्टरवर आणि फिकट कपड्यावर चालतं, कॉटनवर कोणी करून देतो म्हणाला तर दुसरं दुकान बघा. गडद पॉलिस्टरवर पांढरी अक्षरं टाकली की काही दिवसांनी कपड्याचा रंग वर येऊन पांढऱ्यावर त्याची झाक येते, म्हणून अशा डिझाइनला कॉटनच घ्या, १८० ते २२० जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन), बायोवॉश म्हणजे एन्झाइमने धुऊन मऊ केलेलं. पोलो असेल तर छपाई सोडा, खिशावर छोटी एम्ब्रॉयडरी करून घ्या, जास्त भारी दिसते.

मराठी अक्षरं असतील तर हे नक्की करा, फाईल देताना फाँट कर्व्ह करून द्या, म्हणजे अक्षरं चित्रासारख्या आकारात बदलून. नाहीतर दुकानातल्या कॉम्प्युटरवर तो फाँट नसतो आणि "वॉरियर्स" मधला रफार भलतीकडेच जातो आणि जोडाक्षरं सुटी होतात, आणि छापणारा म्हणतो "तुम्हीच दिलं होतं तसं". छापायच्या आधी प्रूफ व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा आणि झूम करून बघा.

ओरिजिनल जुनी जर्सी हवी असेल तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा, नशिबात असेल तर मिळेल. रायझिंग पुणेची असेल तर नाव वाचा, २०१६ ला सुपरजायंट्स होतं, २०१७ ला शेवटचा स काढून सुपरजायंट केलं. विकणारा "धोनी कॅप्टन असतानाची" म्हणाला आणि नाव दुसऱ्या वर्षीचं असलं तर भाव कमी करायला हरकत नाही, कारण २०१७ ला कॅप्टन स्मिथ होता.

आणि घरात अशा चार-पाच जर्सी पडून असतील, पोट सुटल्यामुळे कोणालाच बसत नसतील, तर गोधडी शिवून घ्या. शिवणाऱ्या मावशींना आधीच सांगा की कापड पॉलिस्टरचं आहे, ते सरकतं, म्हणून खाली जुन्या सुती साडीचा थर आणि टाके जवळजवळ. छापलेला नंबर मधोमध ठेवा आणि त्याच्यावरून टाका घेऊ नका, रबरी प्रिंट फाटतं. माझ्या मते यापुढं सगळे मग आणि कीचेन फिके.

फ्रेम करायची असेल तर जर्सी गमने चिकटवायची नाही, मागच्या कापडावर टाक्यांनी बसवायची, आणि आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या, पुण्याच्या पावसाळ्यात बुरशी लागते.

गिफ्टबरोबर एक चिठ्ठी द्या, टी-शर्ट उलटा करून थंड पाण्यात धुवायचा, सावलीत वाळवायचा, प्रिंटवर इस्त्री नाही. आणि साइज एक नंबर मोठीच घ्या, या टीम खेळत होत्या तेव्हाचा माणूस आता त्या साइजचा राहिलेला नसतो.